गौराबाईंना मोटरसायकलवर कुणी बसवलं?

गौराबाईंवर अन्याय झाला तो गेल्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, परभणीतल्या आमच्या ऑफिसात. आमच्या कंप्युटरने त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि सेलू रोडने गावी पाठवलं. मागे नाही, पुढे. स्वतः चालवत.

गौराबाई साठीच्या. परभणीत मुलींच्या मेसमध्ये भाकरी करतात आणि दुपारच्या बसने घरी परततात. बसनेच. पण आमच्या स्क्रीनवर ती बस रिकामी धावत होती, आणि रिकामी दिसली की बस आराखड्यातून उडते. पुढची बस थेट संध्याकाळी. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, तोवर थांबणं त्यांना शक्य नाही. म्हणजे बस गेली की मेसचं काम गेलं.

माझं काम सांगते. जिल्ह्यात बस कुठे, कधी हवी याचा आराखडा आमची कंपनी करते. घरोघरी जाऊन विचारणं होत नाही. म्हणून थोड्या घरांचा सर्व्हे करायचा आणि त्यावरून कंप्युटरमध्ये अख्खा जिल्हा उभा करायचा. त्यातली कुटुंबं उठतात, शेतात जातात, बाजार करतात, पोरांना शाळेत सोडतात. याला अॅक्टिव्हिटी मॉडेल म्हणतात. भातुकलीच म्हणा. फक्त या भातुकलीवर खरी बस बंद होते.

त्या दिवशी मी माणसांऐवजी एका मोटरसायकलचा दिवस बघत बसले. सहजच. सव्वातीनला ती सेलूच्या कापूस बाजारात होती, गौराबाईंच्या मुलाजवळ. आणि सव्वातीनलाच परभणीहून गावाकडे निघाली होती, गौराबाईंना घेऊन. एकच गाडी!

सर्व्हेचे प्रश्न काढून पाहिले. 'घरात गाडी आहे का?' एवढंच विचारलेलं. चालवतं कोण, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. गाडी आहे म्हटलं की सॉफ्टवेअर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात किल्ली देऊन मोकळं.

प्रोजेक्ट देशमुख सरांचा. त्यांच्याकडे गेले.

"सर, ही गाडी एका वेळी दोन ठिकाणी आहे. घरातल्या बायकांना आपण उगाच गाडीवर बसवलंय."

"असू दे. फाट्यावरची मोजणी जुळते ना?"

जुळत होती, तीच तर गोम. आमच्या माणसांनी गावाच्या फाट्यावर उभं राहून खऱ्या मोटरसायकली मोजल्या होत्या. मॉडेलमधूनही तेवढ्याच जात होत्या. अशी जुळणी करण्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

"जुळलेलं मॉडेल उचकटायचं नाही," सर म्हणाले. "आणि इथे बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटायची नाहीत, मॅडम."

पत्रक राहू द्या. मला वेगळाच प्रश्न सुटत नव्हता. बायका गाडीवर नसतील, तर पुरुषांनी सर्व्हेत सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा फाट्यावर जास्तीच्या मोजलेल्या गाड्या कुणाच्या?

दुसऱ्या दिवशी गौराबाईंच्या गावी गेले. गौराबाई नुकत्याच बसमधून उतरून घरात गेल्या होत्या. मुलगा महादेव ओट्यावर बसला होता.

"दादा, तुमची गाडी कोण चालवतं?"

"मीच की. दुसरं कोन?"

"मावशी नाही चालवत? आमचा कंप्युटर तर म्हणतो, त्या चालवतात."

तो इतका हसला की शेजारचे डोकावले. "आई? मागं बसली तरी डोळे मिटून देवाचा धावा करती!"

आतून आवाज आला, "हास, हास. तू कवा बसवलास रे मला मागं? कंप्युटरनं तरी बसवलं."

मी त्याला सर्व्हेतलं त्याचंच उत्तर वाचून दाखवलं. कापूस असला तर सेलू, एरवी घरीच.

"मंग? बरोबरच हाय. मी कुटं जायलोय?"

गौराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "घरीच? आन् फाट्यावर कोन पडून ऱ्हातंय? सकाळी चा, दुपारी चा, सांजच्याला चा. घरात चा भेटत न्हाई व्हय रे तुला?"

"आगं, चा प्यायला जानं म्हंजे काय जानं हाय का!"

सापडल्या गाड्या! आणखी काही घरी विचारलं. सगळीकडे तेच. पुरुष दिवसभर फाट्यावर ये-जा करतात आणि त्याला ते जाणं धरतच नाहीत. सर्व्हेत फेऱ्या नाहीत, रस्त्यावर गाड्या आहेत. मोजणी जुळवायला मॉडेलला त्या गाड्यांवर कुणीतरी हवं होतं. पुरुष तर म्हणे घरीच! मग त्याने बायकांना बसमधून उतरवलं आणि गाडीवर बसवलं.

ऑफिसात येऊन म्हटलं, "सर, चहाच्या फेऱ्या धरून एकदा चालवून बघते. गाडी जो चालवतो त्याच्याकडेच ठेवते."

"सर्व्हेत नसलेलं घालणार?"

"गौराबाई गाडी चालवतात, हे कुठल्या सर्व्हेत होतं?"

सरांनी सर्व्हेचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "त्या घरांना आधी परत नीट विचारून घे. मग चालव."

परत विचारलं आणि मॉडेल चालवलं. फाट्यावरची मोजणी पुन्हा जुळली. दुपारच्या बसमध्ये बायका उभ्याने प्रवास करताना दिसल्या.

"चहाला एवढे लोक जातात?" सर म्हणाले. ते टपरीवरूनच आले होते.

बस आराखड्यात राहिली. गौराबाईंचं काम टिकलं. बेरीज बरोबर येते म्हणून त्यातली माणसं बरोबर असतात असं नाही, एवढं मी शिकले.

पण येलदरीकडच्या गावांचा सर्व्हे अजून व्हायचाय. आमचा माणूस तुमच्या दारात येईल. 'गाडी हाय' एवढं सांगून त्याला वाटेला लावू नका. चालवतं कोण, ते सांगा. आणि ओट्यावर बसलेल्या भावांनो, घरातल्या बाईचा दिवस तुम्ही सांगू नका. तिला बाहेर बोलवा. ती कुठे जाते, कशाने जाते, हे तिच्या तोंडून लिहून घेतल्याशिवाय त्या माणसाला दारातून हलू देऊ नका.