म्हातारीचा दुसरा लेक

"हुंगा की, साहेब!" असं म्हणून तो तोंड थेट माझ्या नाकापाशी आणायचा आणि हाऽऽ करून श्वास सोडायचा. पहिल्यांदा त्यानं हे केलं तेव्हा मी दचकून खुर्चीसकट मागं गेलो आणि टेबलावरचा चहा माझ्याच नव्या सदऱ्यावर घेतला.

"वास हाय का?"

"बडीशेपेचा आहे."

"बास. ध्यानात ठिवा." मग दिवसभर खुशीत फायली वाहायचा.

तो आमच्या कचेरीत शिपाई आणि क्रांती चौकामागच्या गल्लीत माझा भिंतीपलीकडचा शेजारी. दारू सोडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण उपदेश करत सुटतात. हा नुसता हुंगायला सांगायचा. बायको पोरीला घेऊन कन्नडला माहेरी निघून गेली होती. "तोंडाचा वास जाऊ द्या, दहावी करा, मग येते," असा तिचा निरोप होता. म्हणून या वयात त्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं आणि गणितासाठी मला गुरू केलं. गणितात मी स्वतः दोनदा आपटलो होतो, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

घरात आई. अंथरुणाला खिळलेली, डोक्यानं हललेली. सकाळी तिचं सगळं आवरून तो कचेरीत यायचा, दुपारी सायकल हाणत जाऊन भरवून यायचा. पण म्हातारी शुद्धीवरच्या लेकाला ओळखायचीच नाही. घास पुढं केला की तोंड फिरवायची. "तू कोण रं बाबा? माझा लेक कुठंय?"

तिचा लेक म्हणजे पिऊन येणारा. झोकांड्या देत दारावर थापा मारणारा आणि "म्हातारे! मेलीस का जेवलीस?" असं ओरडणारा.

म्हातारी अजून त्याच लेकाची वाट बघते, हे मला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून तीच जुनी आरोळी ऐकली आणि गुरूच्या अधिकारानं मी पायताण हातात घेऊन धावलो. बघतो तर हा दारात डुलतोय, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. आतून म्हातारी खुदुखुदु हसत म्हणतेय, "जेवते रं मुडद्या, ये."

तिनं अख्खी भाकरी खाल्ली. हा बाहेर आला, ताठ उभा राहिला आणि हाऽऽ केलं. बडीशेपच.

"अशीच जेवती ती, साहेब. रोज त्याला बोलवावं लागतं."

"कुणाला?"

"त्याला," म्हणाला, आणि मागं वळून दाराकडं बघितलं.

मी हसलो. हसणं माझ्या अंगाशी येतं, हा जुना अनुभव.

पुढं खुलताबादची सीताफळं फुकट मिळाली म्हणून मी टोपलीभर खाल्ली आणि तापानं घरी पडलो. भर दुपारी शेजारून आवाज आला, "म्हातारे! मेलीस का जेवलीस?" लवकर आला वाटतं, म्हणून मी उठून बाहेर गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं. म्हातारी भिंतीकडं बघून हसत होती आणि तिच्या हनुवटीवर भाकरीचा चुरा होता.

घटकाभरानं सायकल आली. मी सांगितलं तसा तो पायरीवर बसला. "मी न बोलवता यायला लागला व्हय," एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्यानं मला तीनतीनदा हुंगायला लावलं. तापात नाक बंद होतं, तरी मी बडीशेपच म्हणत राहिलो.

परीक्षा झाली आणि निकालाआधीच म्हातारी गेली. दहाव्याला खाम नदीकाठी आम्ही जमलो. कन्नडहून बायको, पोरगी आणि मेहुणा आले होते. पिंड मांडला. कावळे झाडावर, पण शिवेनात. मुंडण केलेला हा हात जोडून म्हणाला, "पोरीला शिकवीन." शिवेनात. "घर सांभाळीन." नाहीच. मग मीही पुढं झालो आणि गंभीर आवाजात म्हणालो, "आई, याचं गणित मी पक्कं करून घेईन." होते ते कावळेही पलीकडच्या झाडावर गेले.

ऊन चढलं. म्हातारीला काय हवंय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं बायकोकडं पाहिलं, मेहुण्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हणालो. मेहुणा तर अशाच एखाद्या कारणाची वाट बघत उभा होता.

त्यानं डोळे मिटले. मान कलली, पाय सुटले. झोकांड्या खात तो पिंडापाशी गेला आणि ओरडला, "म्हातारे! मेलीस का जेवलीस?"

कावळा सरळ खाली आला.

"बघितलं?" मेहुणा गरजला. "आईच्या दहाव्याला पिऊन आलाय! चल ताई!"

तो सावरायला गेला, पण पाय सरळ पडेनात. माझ्या खांद्याला धरून जड जिभेनंच पुटपुटला, "साहेब, त्यो जाईना." त्याचा हात त्या उन्हात गार पडला होता. मी घाबरून नुसता उभा. एवढ्यात त्याची पोरगी मामाचा हात सोडून आली, टाचा उंचावल्या आणि बापाच्या तोंडाजवळ नाक नेलं. बराच वेळ.

"आई, वास नाय गं," ती म्हणाली. "बाबा, चला. पाणी प्या."

ओंजळीनं पाणी प्यायला, तेव्हा कुठं त्याची मान ताठ झाली.

निकाल लागला. गणितात तो काठावर सुटला. यात माझा वाटा किती ते कुणी विचारलं नाही, बरंच झालं. कारकून होऊन बदलीवर कन्नडला गेला. तिथून आलेला माणूस सांगतो की बायको डबा देते, पोरगी रोज सकाळी वास घेते, आणि हा फार झोकात सही करतो.

त्याच्या खोलीत आता एसटीतला एक कंडक्टर बायकोसह राहतो. परवा तो माझ्याकडं आला, चेहरा पांढराफटक.

"काका, मी कामावर गेलो की भर दुपारी घरी एकटी असते ही. कुणीतरी दारावर थापा मारतं म्हणे. दारू प्यायल्यासारखा आवाज. उघडलं तर कुणी नाही. कोण राहायचं हो इथं आधी?"

मी भिंतीकडं पाहिलं. मग त्याला म्हणालो, "दार उघडू नका. आणि त्यानं काहीही विचारलं तरी, आधीचा माणूस कन्नडला गेलाय तेवढं सांगू नका."