उताराकडे तोंड केलेली लाल गाडी

आजही फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला की ती घटना आठवते. आधी हायसं वाटतं आणि मग त्या पोराचा राग येतो. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही स्टेशन डायरीत ही केस सापडणार नाही. मी निवृत्त झालो होतो आणि हिवाळ्यापुरता लेकीकडे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये राहायला गेलो होतो. तिथे माझा अधिकार सकाळी दूध आणण्यापुरता होता. तरी मी तिला केसच म्हणतो, कारण खबर, चौकशी, घटनास्थळ सगळं त्यात आलं. फक्त सुदैवाने पंचनामा करावा लागला नाही.

लेकीच्या शेजारी रत्नागिरीकडचं एक मुस्लिम कुटुंब राहायचं. विधवा आई, जिला आमच्या घरी सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, तिचा नोकरी करणारा मुलगा आणि चार महिन्यांपूर्वी गावाहून लग्न होऊन आलेली सून. मुलाजवळ लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार होती. आईला ती गाडी डोळ्यांसमोर नको असायची. “मागे माणूस बसवायचा तर घडी घालून ठेवायला लागतो,” असं ती म्हणायची. त्यामागे खरं कारण वेगळं होतं. तिचा नवरा कोकणातल्या एका घाटात अपघातात गेला होता. घाटात गाडी नेणार नाही, असं तिने मुलाकडून वदवून घेतलं होतं.

त्या शुक्रवारी जेवणाच्या आधी ती आमच्या दारात आली. पदर नीट घ्यायचंही भान नव्हतं.

“भाईसाहेब, पोरगा फोन उचलत नाय. दोघंही नाय उचलत. सकाळी सूरला जातो बोलला, मासळी आणतो बोलला.”

जावई म्हणाले, “येतील हो, खाला. समुद्रावर कुठेतरी रेंज नसेल.”

घरचे लोक धीर देतात, पोलीस प्रश्न विचारतो. सवय जात नाही. मी विचारलं, “घरातून काय काय नेलंय?”

“बर्फाची पेटी नेली. सूरला जातो तेव्हा नेतोच.”

“ती राहू दे. आणखी काय? कपाट उघडून सांगा.”

ती घरी जाऊन परत आली तेव्हा गोंधळलेली होती. मुलाची कानटोपी जागेवर नव्हती. सुनेची शाल आणि जाड रजईसुद्धा नव्हती. सूर हे समुद्रकाठचं गाव. हिवाळ्यातसुद्धा तिथे दुपारी शर्ट अंगाला चिकटतो. मासळी आणायला रजई कोण नेतं? माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण सामान बांधताना खोटं बांधत नाही. नोकरीत मी हे फरार आसामींच्या घरझडतीत शिकलो होतो.

खबर मिळाली होती, आता जबाब हवा होता. मुलाचा एक जिवलग मित्र दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. चिपळूणकडचा, एसीच्या कामावरचा. त्याला बोलावलं. दारात पाय ठेवतानाच तो म्हणाला, “काका, ते सूरलाच गेलेत, कसम से.” मी अजून काही विचारलंच नव्हतं.

मी त्याला चहा दिला. ठाण्यात मी आरोपीला नेहमी आधी चहा द्यायचो. नवे शिपाई हसायचे, पण कप हातात असला की माणसाला हात लपवता येत नाहीत. याच्या कपाची बशी वाजत होती. मी आवाज चढवला नाही. त्याच्या आईची चौकशी केली, कामाची केली, आणि मग खालाला समोर आणून बसवलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. अर्ध्या चहात पोरगा विरघळला.

“जबल शम्सला गेलेत, काका. रात्री वर गारा पडल्या. व्हिडिओ आला ग्रुपवर, सगळं व्हाइट झालंय. उन्हं वर यायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच निघाले.”

खालाने तोंडावर हात ठेवला. जबल शम्स म्हणजे ओमानमधला सर्वांत उंच डोंगर, आणि वाट म्हणजे आपल्या घाटाला लाजवेल अशी. वरच्या भागात डांबर नाही, नुसती खडी. तिकडे लोक चारही चाकं ओढणारी उंच गाडी घेऊन जातात, आणि हा शहाणा रस्त्याला पोट घासणारी लाल गाडी घेऊन गेला होता.

जावयांनी लगेच पोलिसांना फोन करून गाडीचा रंग, नंबर सांगितला. मग त्यांची मोठी गाडी काढली. मी, जावई आणि तो मित्र निघालो. खालाला लेकीजवळ ठेवलं. निघताना तिने माझा हात धरला. “भाईसाहेब, मला खरं काय ते सांगायचं. लपवायचं नाय.” असा हात नोकरीत अनेकांनी धरला होता, आणि प्रत्येक वेळी मला चांगली बातमी नेता आली नव्हती.

डोंगराच्या वाटेवरचं निझवा शहर मागे टाकल्यावर पोलिसांचा फोन आला. गाडी सापडली होती, रिकामी होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि गार वारा सुटला होता. एका वळणाच्या पुढे, चढावर, लाल गाडी रस्त्याकडेच्या चरात मागचं चाक घालून तिरकी उभी होती. तोंड उताराकडे. रस्त्यावर गारांचा थर होता, सावलीत घट्ट झालेला, उन्हात लगदा झालेला. नंतर पुन्हा गारा पडल्याने पावलांचे ठसे राहिले नव्हते. तिथला अधिकारी तरुण ओमानी होता, सभ्य आणि कामसू. जावयांशी तो इंग्रजीत बोलला. गाडी डोंगरावरून परत येताना घसरली, मग दोघं पायी खाली निघाले असणार, असा त्याचा अंदाज होता. त्याची माणसं खालची वादी आणि खालचं गाव शोधत होती. वादी म्हणजे तिथली कोरडी नदी, आणि त्या दिवशी तिला पाणी आलं होतं. हे ऐकून जावई माझ्याकडे बघेनात.

तर्क चुकीचा नव्हता. मीही तोच केला असता. पण घटनास्थळाला एक फेरी मारल्याशिवाय मला राहवत नाही. मी गाडीभोवती फिरलो. पुढचा बंपर जवळजवळ स्वच्छ होता. मागच्या बंपरखाली मात्र गारा आणि माती फावड्याने भरावी तशी कोंबलेली होती. पुढच्या चाकांनी उडवलेली खडी उताराकडे, गाडीच्या तोंडासमोर पडली होती. खाली येणारी गाडी मागच्या अंगाने बर्फ कसा गोळा करेल?

मी वळून पाहिलं. मित्र पांढराफटक पडला होता.

“बोल,” मी म्हटलं. आता चहा नव्हता.

“काका, मीच सांगितलेलं त्याला,” तो रडकुंडीला आला. “ह्या गाडीची पुढचीच चाकं ओढतात. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, बर्फावर नुसती फिरतात. म्हणून मी बोललो, अडकलास तर गाडी वळव आणि रिव्हर्समध्ये चढव. मग ओढणारी चाकं खालच्या अंगाला येतात, त्यांच्यावर वजन पडतं, ग्रिप मिळते. मला वाटलं, गमतीत विचारतोय.”

म्हणजे गाडी परत येत नव्हती. ती तोंड फिरवून मागच्या अंगाने वर चढत होती. दोघांनी डोंगरमाथा पाहिलाच नव्हता. खालची वादी ओलांडताना त्यांनी पाणी वाढताना पाहिलं असणार, मग पायी ते तिकडे कशाला जातील? ते वरच गेले असणार.

जावयांनी अधिकाऱ्याला समजावलं. तो गाडीच्या मागे वाकला, बंपरखाली हात घातला, मूठभर गारा बाहेर काढल्या आणि क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग वायरलेसवर ओरडला आणि आम्हाला म्हणाला, “यल्ला!” म्हणजे चला. माझ्या हाताखाली असा माणूस असता तर मी त्याची शिफारस केली असती.

वर, दोन वळणं पलीकडे, शेळ्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दगडी घर होतं. धूर निघत होता. दार उघडं होतं. आत चुलीजवळ सून रजईत बसली होती, पाय मुरगळून सुजलेला, हातात कहव्याचा, तिथल्या कॉफीचा, इवलासा कप. मुलगा उठून उभा राहिला. त्याला वाटलं मी मारणार. मलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याला मिठी मारली आणि माझे डोळे भरून आले. ठाण्यातल्या कुणी पाहिलं नाही, हे बरं झालं.

म्हाताऱ्याने आम्हाला खजूर खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही. रेंज मिळाल्याबरोबर मी पहिला फोन खालाला केला. “दोघंही जिवंत आहेत, तुमच्यासारखेच हट्टी आहेत,” एवढंच म्हणालो. पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. मला तो ऐकायला फार बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर मी चौकशी पूर्ण केली. “आईशी खोटं का बोललास?”

तो खाली बघून म्हणाला, “मागे असाच व्हिडिओ बघून अम्मी बोलली होती, आभाळातून पडलेला बर्फ एकदा हातात घ्यायचाय. तिचे गुडघे चालत नाहीत, आणि घाटाचं नाव काढलं असतं तर तिने सोडलंच नसतं. मनात बोललो, पेटीत भरून घेऊन येतो.”

गारांनी भरलेली पेटी त्याच्या पायांशी होती. म्हाताऱ्याच्या घरापर्यंत त्याने एका हाताने बायकोला आणि दुसऱ्या हाताने तीच सांभाळली होती.

गुन्ह्यांच्या तपासात मी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचली आणि त्यावरून ती कुठे निघालीत ते ठरवलं. बहुतेक वेळा बरोबर ठरवलं. त्या दिवसापासून मात्र तोंडावरून वाट ठरवायच्या आधी मी मागे जाऊन बघतो, तिथे काय साचलंय. त्या पोराने आईला पाठ दाखवली होती आणि सबंध वेळ तो तिच्याकडेच चालला होता.

घरी पोचल्यावर खालाने आधी सुनेला जवळ घेतलं, मग मुलाच्या कानाखाली सणसणीत वाजवली, आणि मग त्याचा तोच गाल कुरवाळत राहिली. त्याने पेटी तिच्यासमोर उघडली. गारा वितळून पाणी झालं होतं, कडेला दोनचार खडे तेवढे तरंगत होते. तिने मनगटापर्यंत हात आत घातला.

“गार हाय रे अजून,” ती म्हणाली, आणि हात बाहेर काढेना.