शून्य पॉइंटवाला

नाशिकच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाची स्कोअरवही मी लिहायचे. हंगामाच्या शेवटी कोचनी मला एका राखीव खेळाडूचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीतून खोडायला सांगितलं. पाच सामन्यांत त्याच्या नावापुढे शून्यच होतं. तो दाराबाहेर निकालाची वाट बघत उभा होता.

मी पेन खाली ठेवलं. "सर, तो कोर्टवर असताना समोरच्यांनी किती पॉइंट केले, तेही बघा."

"युनियनची पत्रकं वाटणाऱ्याची पोरगी तू, भाषण करणारच," कोच म्हणाले.

प्रत्येक वेळी खेळाडू बदलताना मी दोन्ही संघांचा स्कोअर समासात लिहिला होता. तो खेळत असताना आमची आघाडी एकदाही घटली नव्हती. कोच बराच वेळ पानं उलटत राहिले.

"राहू दे त्याला. पण कारण सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल."

बाहेर जाऊन मी त्याच्यासमोर वही उघडली आणि समासातल्या आकड्यांवर बोट ठेवलं.