कोऱ्या पानावरची सही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याच्यासाठी केलं त्या भावाला तर मुळीच नाही. आता दोघंही गेले. म्हणजे ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती ती माणसं संपल्यावर मी बोलतोय — यात कसलं आलंय धाडस? पण तुम्ही समोर बसला आहात, तर ऐका. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या. माझी सवय आहे, ऐन ठिकाणी आलं की मी बाजूनं निघून जातो. आयुष्यभर तेच केलं.

आमचं गाव चाकणच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. नाव घेत नाही. वर डोंगरात जुनी लेणी आहेत — पाच खोल्या आणि उन्हाळ्यातही न आटणारं पाण्याचं टाकं. मी सांगतोय तो काळ मोठ्या दुष्काळानंतरचा, दोन-तीन वर्षांनंतरचा. चाकणला तेव्हा कांद्याचा बाजार होता, कारखाने नव्हते. कारखाने पिंपरीला. तिथं गुरुवारची सुट्टी असली की कामगार मंडळी एसटीनं आमच्याकडं यायची, लेणी बघायला. त्यांत बौद्ध कुटुंबं पुष्कळ. ती फुलं आणायची, मेणबत्त्या आणायची, वर जाऊन शांत बसायची.

या येणाऱ्यांसाठी पायथ्याशी गावानं श्रमदानानं दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. बाहेर ‘माहिती केंद्र’ अशी पाटी. पाटी मोठी, पण माहिती द्यायला एकच माणूस — भिवा सखाराम. बौद्ध वस्तीतला, पन्नाशी ओलांडलेला. वस्तीतली माणसं त्याला आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायचो. कोणी नेमलं नव्हतं त्याला, तरी किल्ल्या त्याच्याकडं. सकाळी झाडून घ्यायचा, वरच्या टाक्यातून दोन घागरी पाणी खाली आणून ठेवायचा, आणि म्हाताऱ्या बायकांना हात धरून पायऱ्या चढवायचा. कुठली पायरी निसरडी, कुठल्या खोलीत आग्या मोहोळ आहे, सगळं त्याला ठाऊक.

मी ग्रामपंचायतीचा कारकून. लोक भाऊसाहेब म्हणायचे. गावात वाचता-लिहिता येणारे तसे होते, पण सरकारी कागद कळणारा मी एकटा. हे लक्षात ठेवा. एकटा.

त्या वर्षी वरून कळलं की केंद्राच्या सुधारणेला निधी मिळू शकतो. पक्कं छप्पर, पिण्याच्या पाण्याचा नळ, बायकांसाठी संडास आणि एक कायमचा शिपाई. ग्रामपंचायतीनं पाठिंब्याचा ठराव करायचा, देखभालीची हमी द्यायची, आणि शिपाई म्हणून कोणाला ठेवायचं त्याची शिफारस ठरावातच करायची. तो ठराव वर गेला की काम मंजूर.

चावडीपुढं ग्रामसभा भरली. एक जण उठला, “दगडं बघून कुनाचं प्वाट भरलंय का? त्यापरीस कांद्याच्या चाळी बांधा.” त्याला मागून कोणीतरी म्हणालं, “तुझा कांदा बघाया पिंपरीवरनं बायकापोरं घिऊन येत्यात व्हय रं?” सगळे हसले. सरपंच आप्पा म्हणाले, “ठरलं. पाठिंबा द्याचा. आन् शिपाई भिवाच. त्येच्याबिगर त्या लेण्यात वटवागूळबी थारत न्हाई.” पुन्हा हसू. भिवा मागं भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली, एवढंच.

आता आमची पद्धत सांगतो. ठराव तोंडी व्हायचा, मी चिठ्ठीवर कच्चं टिपून घ्यायचो. लोकांना धारा काढायच्या असायच्या, कोणाला शिफ्टची एसटी गाठायची असायची. म्हणून ठरावाच्या पुस्तकात पान कोरं सोडून खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आधीच घ्यायचे. मजकूर मी मागाहून, सवडीनं, वळणदार अक्षरात लिहायचा. सह्या आधी, मजकूर मागून. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. कोणी कधी शंका घेतली नाही. का घ्यावी? भाऊसाहेब लिहिणार होते.

त्या दिवशी भिवानं सही केली. अंगठा नाही, सही. ती त्याला मीच शिकवली होती, प्रौढांच्या वर्गात. आधी अक्षरं काढायचा आणि मग डोक्यावरची रेघ ओढायचा. रेघ उजवीकडं उतरत जायची, म्हणून मीच सांगितलं होतं, काड्यापेटीची कड धरून ओढ. सगळ्या वर्गाला मी एक गोष्ट घोकून घोकून सांगायचो — सही नीट करा, सही जुळली नाही तर कागद वरून परत येतो. सोसायटीतून कोणाचा तरी फॉर्म तसा परत आला होता, ते उदाहरण द्यायचो. भिवाला एवढंच यायचं, स्वतःचं नाव. बाकी वाचता येत नव्हतं.

तर त्यानं खिशातून काड्यापेटी काढली, कोऱ्या पानाच्या तळाशी नाव लिहिलं, रेघ ओढली. मागं उभे होते ते म्हणाले, “आबा, आटपा की, म्हस हंबराया लागली तिकडं.” पण त्यानं घाई केली नाही.

माझा धाकटा भाऊ दत्तू तेव्हा घरी बसून होता. पिंपरीच्या कंपनीत टेंपररी होता, कायम करायची वेळ आली तसा ब्रेक दिला. तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. आई ताट झाकून ठेवायची, ते तसंच राहायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. गावात अशी घरं चार होती आणि त्यांच्यापैकी कोणाच्या हातात ठरावाचं पुस्तक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या खोलीत मी टाक घेऊन बसलो. निधीला पाठिंबा — लिहिलं. देखभालीची हमी — लिहिली. छप्पर, नळ, संडास, सगळं जसं ठरलं तसं. शिपायाच्या ओळीशी आलो आणि तिथं दत्तूचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. खाली भिवाची सही होतीच. त्याला काढून दत्तूला ठेवावं, या ठरावाला त्याचा स्वतःचा पाठिंबा.

भिवाच्या जागी आप्पांचा पुतण्या असता तर मी हे केलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला चाळीस वर्षं विचारला नाही, कारण उत्तर माहीत होतं. नसतं केलं. वस्तीतला माणूस कोणाकडं दाद मागणार, हे मला ठाऊक होतं. तो माझ्याकडंच येणार होता.

आणि आलाच. म्हणाला, “भाऊसाहेब, ठराव लिहिला म्हणं. वाचून दावा की जरा. कानावर पडला म्हंजी बरं वाटंल.” मी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. छप्पर वाचलं, नळ वाचला. शिपायाच्या ओळीशी आलो तेव्हा डोळ्यांपुढं दत्तूचं नाव होतं आणि तोंडानं मी म्हणालो — श्री. भिवा सखाराम. स्वच्छ, न अडखळता. तो पुढं वाकला. म्हणाला, “कुटं हाय? बगू तरी.” स्वतःचं नाव तर त्याला ओळखता येत होतं. मी पटकन पानाच्या तळाशी बोट ठेवलं. त्याच्या सहीवर. “हे काय, आबा.” तो सहीकडं बघत राहिला. मग बोटानं तिला हलकेच शिवला — शाई पुसेल की काय, असं. आणि हसला.

इथंच थांबावंसं वाटतं. तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती गोष्ट. नाही. अजून आहे.

मंजुरी आली. छप्पर झालं, नळ आला, दत्तूच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं. पत्र मीच उघडलं, मीच वाचलं. लोकांना म्हणालो, वरूनच असं आलंय. ‘वरून आलंय’ म्हटलं की आमच्याकडं बोलणं संपतं. आप्पा एवढंच म्हणाले, “तुज्या भावाचं बरं झालं की रं,” आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग तेही विसरले. विसरणं त्यांना परवडत होतं.

भिवानं किल्ल्या फडक्यात बांधून दत्तूला दिल्या. त्याला सोबत घेऊन वर गेला, निसरडी पायरी दाखवली, मोहोळ दाखवलं. आणि मग दर सोमवारी तो पंचायतीत यायला लागला. दारात उभा राहायचा. काय चुकलं असंल, भाऊसाहेब? खेडला, तालुक्याच्या कचेरीत जाऊन इचारू का? मी म्हणायचो, थांबा, मी लिहिलंय वर. काही लिहिलं नव्हतं. मला भीती होती ती एकच, तो एकटा तालुक्याला जाईल, तिथं कोणीतरी ठरावाची प्रत काढून वाचेल. सोमवार आला की मला ताप चढायचा. खरंच चढायचा, अंगाला हात लावला तर कळावा असा. मी काही ना काही काम काढून बाहेर जायचो. परत यावं तर तो दारातच बसलेला.

मग एका सोमवारी तो आला आणि उभा न राहता माझ्यासमोर खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खालच्या आवाजात — कोणी ऐकू नये असं — विचारलं, “भाऊसाहेब, खरं सांगा. माजी सही चुकली व्हती का?”

तुम्हाला कळतंय का तो काय विचारत होता? वर्गात मी सांगितलेलं त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. सही जुळली नाही तर कागद परत येतो. इतके दिवस तो घरी बसून दुसऱ्या कोणाचा दोष शोधत नव्हता. स्वतःचा शोधत होता. आणि त्याला तो सापडला होता.

मला काय करायचं होतं? ‘नाही’ म्हणायचं होतं. एक शब्द. ‘नाही आबा, सही बरोबर होती.’ त्यापुढं खोटं बोललो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या लक्षात आलं की याच्या मनात हे बसलं तर हा पुन्हा येणार नाही. खेडला जाणार नाही. कुठंच जाणार नाही.

मी म्हणालो, “जरा वाकडी झाली होती.”

हे ते. हेच कोणाला सांगितलं नव्हतं. नाव बदललं ते भावासाठी, असं मी मनाशी म्हणू शकत होतो. हे कोणासाठी होतं? फक्त सोमवार टळावा म्हणून.

तो उठला. “व्हय,” म्हणाला, “मलाबी तसंच वाटलं व्हतं. हात घामेजला व्हता.” आणि मला — मला — म्हणाला, “तुमी एवढं शिकिवलं, आन् मी माती खाल्ली.” त्यानंतर तो पंचायतीच्या दारात आला नाही. पावसाळ्याआधी बायकोला घेऊन काळेवाडीला लेकीकडं गेला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये झाडलोट करतो, असं कानावर आलं. मी काळेवाडीवरून अनेकदा गेलो. एसटीच्या खिडकीतून दुसरीकडं बघत.

चार-पाच वर्षांनी, एका गुरुवारी संध्याकाळी, मी केंद्रावर गेलो. दत्तू नव्या खोलीत टेबलामागं बसला होता. चांगला सुधारला होता, लग्न झालं होतं. त्यानं येणाऱ्यांच्या नावांचं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

“भिवाआबा येऊन गेला,” म्हणाला. “लेकीला, जावयाला घेऊन. वर जाऊन आला. नळाचं पाणी प्याला आणि म्हणाला, गोड हाय. मी म्हटलं, आबा, सही करा रजिस्टरात. तर म्हणतो, माजी सही चालत न्हाई, बाबा. लेक म्हणाली, कंपनीतबी अंगठाच देतात, किती सांगितलं तरी ऐकत न्हाईत.” दत्तू हसला. वाईट मनानं नाही. त्याला काही माहीतच नव्हतं.

पानावर एकाखाली एक सह्या होत्या, पिंपरीच्या, भोसरीच्या, कुठल्या शाळेच्या मास्तरांची. आणि मधे एक जांभळा अंगठा. ठसठशीत, सगळ्या रेषा उठलेल्या. त्याच्याशेजारी जागा कोरी.

अंगठ्याशेजारी तो कोणाचा हे लिहिता येणाऱ्यानं लिहायचं असतं, ही रीत तुम्हाला माहीत असेल. दत्तू म्हणाला, “दादा, तेवढं नाव तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी टेबलावरचा टाक उचलला, आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं — भिवा सखाराम.

रेघ सरळ आली.