फ्लेक्सवरचे आम्ही दोघं

विट्याजवळच्या आमच्या गावात कुणी फौजेत भरती झालं की एसटीच्या थांब्यावर त्याचा फ्लेक्स लागतो. आठवीतून शाळा सोडलेल्या माझा कधी लागेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. पण लागला. माझा आणि माझ्या सोबत्याचा, एकाच फ्लेक्सवर. मागं विमान, उंच इमारती, वर 'परदेशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फोटोत आमच्या डोक्याला फेटे होते. ते आम्हाला परदेशी पाठवणाऱ्या एजंटानं कॉम्प्युटरवर जोडलेले.

आम्ही दोघं तेव्हा तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होतो. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, भट्टीपुढं आणि ॲसिडच्या वाफेत दिवस काढायचा. या धंद्यात आमच्याकडचा पोरगा घर सोडतो तेव्हा कुणी कागद करत नाही. गावाकडचा माणूस म्हणतो, चल, की पिशवी उचलायची. मी तसाच गेलो होतो, आणि माझं काही वाईट झालं नव्हतं. त्यामुळं एजंट दुकानात आला, शेजारच्या गावचा निघाला, औंधच्या यमाईच्या यात्रेतल्या ओळखी सांगायला लागला, तेव्हा आम्ही त्याला काहीच विचारलं नाही. आखातात सोन्याचा कारखाना, राहणं-खाणं कंपनीचं. आम्ही पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिले.

पुढं मोबाइलवर व्हिसा आला. सगळा इंग्रजीत. सोबत्यानं स्वतःचा फोटो ओळखला आणि निरोप घ्यायला गावाकडं गेला. मी चार दिवसांनी निघणार होतो. मालक आमच्याच तालुक्यातले, त्यांची लेक कॉलेजात होती. तिला कागद दाखवायची मला लाज वाटत होती. इंग्रजी वाचता येत नाही हे कळलं असतं. तरी एका दुपारी दाखवला.

तिनं तो दोनदा वाचला. "दादा, हा फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा आहे. तीस दिवसांचा. यावर काम करता येत नाही. कंपनीचं करारपत्र कुठंय?"

करारपत्र नव्हतं. परवाना असलेल्या एजंटांची सरकारी यादी तिनं मोबाइलवर उघडली. आमचा माणूस त्यात नव्हता.

मालक म्हणाले, "सोनं हातात आलं की आदी तुकडा कापून तपासतोस. आन माणूस तसाच घेतलास व्हय रं?"

एजंटाला फोन केला. "तितं गेल्यावर बदलतोय की व्हिसा. तुला जायाचं नसंल तर तुज्या मागं धा जण हुबं हायत," म्हणाला. शेवटी मालकांनी त्यांच्या भावाला एजंटाच्या सांगलीतल्या ऑफिसात पाठवलं आणि माझा पासपोर्ट परत आणवला.

मग सोबत्याला फोन.

"फ्लेक्स लागलाय गड्या. आयनं गावभर पेढं वाटल्यात. आता फिरायचा कागद हाय म्हणून सांगू?"

"सांग की."

"लय भितरा हायस रं तू. तुज्या तोंडावर कागद चिकटवाय सांगू का?" तो हसला.

तो गेला. फ्लेक्सवरच्या माझ्या तोंडावर कुणीतरी खरंच कागद चिकटवला.

दीड महिन्यानं फोनवर त्याचा आवाज आला. कारखाना नव्हताच. इमारती पाडायचं काम, एका खोलीत अकरा जण, पासपोर्ट मुकादमाकडं. व्हिसा संपलेला, म्हणून बाहेर पडायला पोलिसांची भीती. मालकांची लेक नसती तर त्या खोलीत बारावा मी असतो. हे अजून भट्टी पेटवताना आठवतं.

सांगलीतल्या ऑफिसला कुलूप लागलं होतं. गावी जाऊन सोबत्याच्या आईबरोबर मी पोलिसांत जबाब दिला. माझ्या मोबाइलमधला व्हिसा दाखवला. तपास चालू आहे, असं सांगतात. मालकांच्या लेकीनं आपल्या दूतावासाचा पत्ता काढून दिला. तिथं गेलास तर परतीचा कागद करून देतील, असं मी त्याला दर रविवारी सांगायचो. तो हूं म्हणायचा आणि जायचा नाही.

एका रविवारी त्यानं विचारलं, "फ्लेक्स हाय का रं अजून?"

मी परत रजा टाकून गावी गेलो. फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता, पण होता. त्याची आई कुणाला काढू देत नव्हती. "तेवढंच तोंड दिसतंय त्येचं," म्हणाली.

"काकी, ह्यो काढला की येतो म्हणलाय त्यो."

तो असं म्हणाला नव्हता.  ती घरातून पक्कड घेऊन आली.

मी तारा तोडल्या. तिनं त्याचं तोंड वर राहील अशी घडी घातली आणि काखेत धरली. रिकाम्या चौकटीचा फोटो मी त्याला पाठवला.

त्यानं तो बघितलाय, निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.