हाताला बांधायची दोरी

पाहुण्यांच्या हाताला दोरी बांधणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आमच्या सरांचं म्हणणं होतं. अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही छोटं हॉव्हरक्राफ्ट बनवलं होतं. एका माणसाचं, हवेच्या गादीवर चार बोटं उचललं जाऊन सरकणारं. बॅटरीपासून इंजिनापर्यंत सगळं वायरिंग माझं. या यानाला ब्रेक नसतो, म्हणून मी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी ठेवली होती. माणूस पडला की दोरी स्विचमधून निसटायची, वीज तुटायची आणि इंजिन बंद. पिंपळनेरची माझी मैत्रीण ते चालवायची. सरावात ती मुद्दाम उडी मारायची आणि यान निमूट थांबलं की स्वतःच टाळ्या पिटायची.

प्रदर्शनाच्या दिवशी उद्घाटनाच्या पाहुण्यांना त्यात बसायची हौस आली. गळ्यात हार, खांद्यावर शाल. मी दोरी पुढे केली तर सर मला बाजूला घेऊन खेकसले, "गुरासारखं बांधतेस त्यांना? फोटोत काय दिसेल ते? दोरीशिवाय चालू कर!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोंडी परीक्षेचे मार्क सरांच्या हातात होते, आणि मी शेपूट घातली. स्विचच्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा जोडून दिला. आता दोरी असो वा नसो, इंजिन चालूच राहणार होतं.

पाहुणे थोडं पुढे गेले, हात हलवायला उभे राहिले आणि बदकन खाली आले. त्यांना काही झालं नाही, शाल तेवढी मळली. यान मात्र रिकामंच सुटलं, थेट समोर बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलींकडे. सगळे पळत असताना माझी मैत्रीण त्याला आडवी गेली, अगदी बिनधास्त. ते आता थांबणारच, याची तिला खात्री होती. तिला घेऊनच ते मंडपाच्या खांबावर आदळलं. तिचा हात मोडला.

दवाखान्यात तिने विचारलं, "ते बंद का बरं नही व्हयनं?"

माझ्याआधी सरच बोलले, "हिच्या वायरिंगमध्ये दोष होता."

चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे 'आमचं वायरिंग' म्हणून मिरवणारा माणूस! मी दवाखाना डोक्यावर घेतला. दोरी, फोटो, मार्क, सगळं बोलून टाकलं. तार मीच जोडली, हेही सांगितलं.

सर पाय आपटत निघून गेले. मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडेच बघत होती.