सावलीतली केळी

संयोगिताचं माहेर तासगावकडचं, बेदाण्याचं. तिकडं द्राक्षं शेडातल्या जाळीवर सावलीला वाळवतात. ऊन लागलं की बेदाणा काळा पडतो, म्हणून "उन्हाला धरू नगं" हे ती बोलायला लागल्यापासून ऐकत आलेली. लग्न होऊन मलकापूरच्या पलीकडं उसाच्या गावात आली, ती हे शहाणपण संगं घेऊनच.

नवरा धैर्यशील फौजेत, बर्फातल्या चौकीवर. सुट्टीत जेवता जेवता म्हणाला, "तिथं डब्यातलं खाऊन तोंड इटलंय. केळ बघाया मिळत न्हाई."

झालं. संयोगितानं बांधावरचा पिकला घड सोलला, केळी उभी चिरली आणि माडीवर खिडक्या लावून जाळीवर पसरली. सासू विजयमालाचा उभा जन्म याच गावात केळी वाळवण्यात गेलेला. ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "केळी काळी पडत्याल म्हनून सावलीत निजवलीस व्हय?"

"आमच्याकडं असंच असतंय, आत्ती."

"असंल बाई," म्हणून सासू खाली गेली.

धैर्यशील निघायच्या आदल्या दिवशी माडीवरनं आंबूस वास सुटला. केळ्यांना पांढरी बुरशी. संयोगितानं पाटी म्हशीपुढं ओतली, तर म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. धैर्यशील हसला, "ऱ्हाऊ दे गं, पुढच्या बारीला." आणि रिकाम्या हातानं गेला. 

मग कळलं, खालच्या आळीतला नाथाजी त्याच चौकीवर जायचाय, रजा संपायला अजून आठवडा हाय. तिनं दुसरा घड उतरवला आणि सरळ चुलीपुढं जाऊन बसली.

"आत्ती, मला न्हाई जमलं. तुमी दावा."

"मला वाटलं, तुझ्या आदी म्हसच इचाराया येती," विजयमाला म्हणाली. मग भाकरी उलटता उलटता आवाज खाली आला, "मी बी बोलाया पायजे हुतं. पोराच्या तोंडचं हुतं ते."

गच्चीवर बाजल्यावर धुतलेलं धोतर अंथरलं. वर कडक ऊन. दुपारी सून फोडी उलटायची, दिवस कलला की सासू आत घ्यायची. काळी-तांबडी, चिवट, गोड झाली केळी. नाथाजी पिशवी न्यायला आला आणि दारातच एक फोड तोंडात टाकली, तर विजयमालानं हातावर चापट दिली. "तुजा टोलनाका न्हाई हितं."

पुढं एकदा रेंज मिळाली तेव्हा धैर्यशीलचा फोन आला. स्पीकरवर म्हणाला, "आईच्या हातची हायती नव्हं? लगीच वळकली."

संयोगिता म्हणाली, "व्हय. आत्तींनीच केल्यात."

आतनं भांडं आपटल्याचा आवाज आला. "खोटं बोलती रं ती. सोलली तिनं, चिरली तिनं, राखली तिनं. माजं नुस्तं ऊन हाय."